चुकीच्या दोषसिद्धीची शोध पत्रकारिता

चुकीच्या दोषसिद्धीची शोध पत्रकारिता ही शोध पत्रकारितेची एक शाखा आहे. न्यायालयाने दोषी ठरवलेली व्यक्ती प्रत्यक्षात निर्दोष असण्याची शक्यता दिसत असल्यास, त्या खटल्याची कागदपत्रे, साक्षी व तपासाची पद्धत पुन्हा तपासणे हे या शाखेचे काम आहे. काही विद्यापीठांत हा विषय पत्रकारितेच्या पदवी व पदव्युत्तर अभ्यासक्रमात शिकवला जातो. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली एखादा निकाली निघालेला खटला घेतात आणि त्याचा फेरशोध करतात. अशा अभ्यासाची सुरुवात प्रामुख्याने अमेरिकेत झाली. भारतात हे काम मुख्यत्वे विधी विद्यापीठे, वकील आणि वैयक्तिक पातळीवर काम करणारे पत्रकार यांनी केले आहे.

महाराष्ट्रात या विषयाचे महत्त्व प्रामुख्याने नाशिक जिल्ह्यातील २००३च्या हत्याकांडाच्या खटल्यातून पुढे आले. या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने ५ मार्च २०१९ रोजी निर्दोष मुक्त केले.

## संज्ञा

फौजदारी न्यायप्रक्रियेत आरोपी सुटण्याचे निरनिराळे प्रकार आहेत. आरोप निश्चित होण्यापूर्वीच पुराव्याअभावी आरोपीला वगळले गेल्यास खटला चालतच नाही. खटला चालून आरोप सिद्ध न झाल्यास आरोपीची निर्दोष मुक्तता होते. खालच्या न्यायालयाने दिलेली शिक्षा वरच्या न्यायालयाने रद्द केली, तर दोषसिद्धी रद्द झाली असे म्हणतात. 'चुकीची दोषसिद्धी' ही संज्ञा या तिसऱ्या प्रकाराशी संबंधित आहे.

दोषसिद्धी रद्द होण्याची कारणेही भिन्न असतात. काही निकालांत पुरावा अपुरा असल्याने आरोपीला संशयाचा फायदा मिळतो, तर काही निकालांत आरोपीचा गुन्ह्याशी संबंध नव्हता असेच समोर येते. कायद्याच्या दृष्टीने दोन्ही व्यक्ती सारख्याच निर्दोष ठरतात. वृत्तांकन करताना मात्र न्यायालयाने नेमके काय म्हटले आहे, हे निकालपत्र वाचूनच लिहावे लागते.

चुकीच्या दोषसिद्धीची नेहमी आढळणारी कारणे पुढीलप्रमाणे आहेत : साक्षीदाराने चुकीच्या व्यक्तीला ओळखणे, दबावाखाली दिलेला कबुलीजबाब, खोटी साक्ष, न्यायसहायक विज्ञानाचा चुकीचा वापर, आरोपीच्या बाजूचा पुरावा तपास यंत्रणेने दडवणे आणि बचाव पक्षाला पुरेशी कायदेशीर मदत न मिळणे.

## इतिहास

लेखकांनी व पत्रकारांनी न्यायालयीन चुकीचा पाठपुरावा करण्याची परंपरा जुनी आहे. फ्रान्समध्ये १७६२ साली देहदंड झालेल्या झाँ कालास यांच्या खटल्याचा पाठपुरावा व्होल्तेर यांनी केला आणि १७६५ मध्ये कालास यांना मरणोत्तर निर्दोष ठरवण्यात आले. एमिल झोला यांनी १३ जानेवारी १८९८ रोजी 'लोरोर' या वृत्तपत्रात ड्रेफस प्रकरणी राष्ट्राध्यक्षांना उद्देशून खुले पत्र लिहिले. ड्रेफस यांची दोषसिद्धी १९०६ मध्ये रद्द झाली.

अमेरिकेत वकील व रहस्यकथाकार अर्ल स्टॅन्ली गार्डनर यांनी १९४८ पासून 'आर्गोसी' मासिकातून अशा खटल्यांचा शोध घेणारे सदर चालवले. ब्रिटनमध्ये १९५० साली फाशी दिलेल्या टिमोथी एव्हान्स यांच्या खटल्यावर पत्रकार लुडोविक केनेडी यांनी १९६१ मध्ये पुस्तक लिहिले. १९६६ मध्ये एव्हान्स यांना मरणोत्तर माफी देण्यात आली. बीबीसीची 'रफ जस्टिस' ही मालिका १९८२ मध्ये सुरू झाली. पुढे १९९७ मध्ये ब्रिटनने अशा खटल्यांच्या फेरतपासणीसाठी स्वतंत्र आयोग स्थापन केला.

## विद्यापीठीय अभ्यासक्रम

बॅरी शेक व पीटर न्यूफेल्ड या वकिलांनी १९९२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्डोझो विधी महाविद्यालयात 'इनोसन्स प्रोजेक्ट' सुरू केला. त्याचा भर डीएनए चाचणीवर व न्यायालयीन कामावर होता. पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांचे काम वेगळ्या वाटेने पुढे आले. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या मेडिल पत्रकारिता विद्यालयात प्राध्यापक डेव्हिड प्रोटेस यांनी विद्यार्थ्यांना जुन्या खटल्यांचा शोध घेण्याचे काम दिले. १९७८च्या एका दुहेरी खून प्रकरणात शिक्षा झालेले चार जण १९९६ मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेस कारणीभूत ठरलेल्या शोधात या विद्यार्थ्यांचाही वाटा होता. १९९९ मध्ये या उपक्रमाला 'मेडिल इनोसन्स प्रोजेक्ट' असे औपचारिक रूप मिळाले.

जॉर्जटाउन विद्यापीठातील अभ्यासक्रमात विद्यार्थी अशा खटल्यांवर लघु माहितीपट तयार करतात.

### पोर्टर प्रकरण व त्याचा धडा

मेडिलचे सर्वांत गाजलेले प्रकरण अँथनी पोर्टर यांचे आहे. १९८२ मधील दुहेरी खुनासाठी त्यांना मृत्युदंड झाला होता. १९९८ मध्ये शिक्षेची अंमलबजावणी दोन दिवसांवर आली असताना ती स्थगित झाली. त्यानंतर विद्यार्थ्यांनी व त्यांच्यासोबतच्या खासगी तपासनीसाने शोध घेतला. या तपासनीसाने दुसऱ्या एका व्यक्तीचा कबुलीजबाब चित्रित केला आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये पोर्टर सुटले. इलिनॉय राज्याचे गव्हर्नर जॉर्ज रायन यांनी जानेवारी २००० मध्ये मृत्युदंडाच्या अंमलबजावणीस स्थगिती दिली. त्या निर्णयामागे या प्रकरणाचा मोठा प्रभाव होता. २०११ मध्ये इलिनॉयने मृत्युदंड रद्द केला.

तथापि, कबुली देणाऱ्या त्या दुसऱ्या व्यक्तीने पुढे आपली कबुली दबावाखाली घेतली गेल्याचे सांगितले. सरकारी अभियोक्ता कार्यालयाने प्रकरणाची फेरतपासणी केली. खासगी तपासनीसाची पद्धत अस्वीकारार्ह असल्याचा निष्कर्ष काढून या कार्यालयाने २०१४ मध्ये त्या व्यक्तीची शिक्षा रद्द करून घेतली. तोपर्यंत तिने पंधरा वर्षे तुरुंगात काढली होती. एका व्यक्तीला सोडवणारा शोध दुसऱ्या व्यक्तीच्या शिक्षेस कारणीभूत ठरल्यामुळे हे प्रकरण पत्रकारितेच्या वर्गांत दोन्ही अंगांनी अभ्यासले जाते.

दुसऱ्या एका प्रकरणात अभियोक्त्यांनी २००९ मध्ये विद्यार्थ्यांची टिपणे व गुण यांची मागणी केली. विद्यार्थी पत्रकार म्हणून नव्हे, तर बचाव पक्षाचे तपासनीस म्हणून काम करत होते, असे न्यायालयाने २०११ मध्ये ठरवले. त्यामुळे पत्रकारांना स्रोताबाबत मिळणारे संरक्षण त्यांना मिळाले नाही. प्रोटेस त्याच वर्षी विद्यापीठातून बाहेर पडले.

## महाराष्ट्रातील प्रकरणे

### नाशिक जिल्ह्यातील २००३चे हत्याकांड

५ जून २००३च्या रात्री नाशिक जिल्ह्यात बागेतील झोपडीत राहणाऱ्या एका कुटुंबावर हल्ला झाला. त्यात पाच जणांचा खून झाला व मृतांत एका अल्पवयीन मुलीचाही समावेश होता. कुटुंबातील आई व एक मुलगा गंभीर जखमी अवस्थेत वाचले. पोलिसांनी काही आठवड्यांत सहा जणांना अटक केली. हे सर्व जण भटक्या जमातीतील गरीब मजूर होते.

नाशिकच्या सत्र न्यायालयाने १२ जून २००६ रोजी सहाही जणांना फाशीची शिक्षा सुनावली. मुंबई उच्च न्यायालयाने २२ मार्च २००७ रोजी तिघांची फाशी कायम ठेवली व तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली, राज्य सरकारचे अपील मान्य केले आणि सहाही जणांना पुन्हा फाशी सुनावली.

२०१२ मध्ये चौदा माजी न्यायाधीशांनी राष्ट्रपतींना पत्रे लिहून काही फाशीच्या शिक्षा कमी करण्याची विनंती केली. या शिक्षा ज्या पूर्वनिर्णयाच्या आधारे दिल्या गेल्या होत्या, तो चुकीचा असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेच नंतर मान्य केले होते. नाशिकचा खटला या प्रकरणांपैकी एक होता. आरोपींपैकी एक जण घटनेच्या वेळी अल्पवयीन होता, हेही पुढे चौकशीत निष्पन्न झाले. २०१४ मध्ये घटनापीठाने फाशीच्या प्रकरणांतील पुनर्विलोकन याचिका खुल्या न्यायालयात ऐकण्याचा नियम घालून दिला. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपला २००९चा निकाल मागे घेतला आणि अपिलांची नव्याने सुनावणी झाली.

न्यायमूर्ती ए. के. सिक्री, एस. अब्दुल नझीर व एम. आर. शाह यांच्या पीठाने ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. एका जबाबाला या निकालात निर्णायक महत्त्व मिळाले. हल्ल्यातून वाचलेल्या आईने ७ जून २००३ रोजी, म्हणजे घटनेनंतर दोन दिवसांत, विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्यांसमोर पोलिसांकडील गुन्हेगारांच्या छायाचित्रांतून चार जणांना ओळखले होते. हे चौघे खटल्यातील आरोपींपैकी नव्हते. त्यांना अटक झाली नाही, त्यांचा तपासही झाला नाही आणि सरकार पक्षाने ही बाब न्यायालयापुढे आणली नाही. दोन दिवसांत तयार झालेला हा कागद निर्णायक ठरायला पंधरा वर्षांहून अधिक काळ गेला.

न्यायालयाने प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई देण्याचे, त्या चौघांच्या दिशेने पुढील तपास करण्याचे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांची निश्चिती करून कारवाई करण्याचे आदेश राज्य शासनाला दिले. पाच जणांच्या खुनाचा प्रश्न मात्र या निकालानंतरही सुटला नाही. चुकीच्या दोषसिद्धीत निर्दोष व्यक्तीवर अन्याय होतोच, शिवाय खरा गुन्हेगार मोकळा राहिल्यामुळे पीडित कुटुंबालाही न्याय मिळत नाही, हे या खटल्यातून दिसते.

### मुंबई उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटला

११ जुलै २००६ रोजी मुंबईच्या पश्चिम रेल्वेवरील उपनगरी गाड्यांत सात बॉम्बस्फोट झाले. विशेष मकोका न्यायालयाने सप्टेंबर २०१५ मध्ये बारा जणांना दोषी ठरवून पाच जणांना फाशी व सात जणांना जन्मठेप दिली. एका आरोपीची त्याच वेळी निर्दोष मुक्तता झाली. मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी बाराही जणांची दोषसिद्धी रद्द केली. त्यांपैकी एकाचा कोठडीत असतानाच मृत्यू झाला होता. राज्य शासनाच्या अपिलावर सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलै २०२५ रोजी हा निकाल पूर्वनिर्णय म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना पुन्हा तुरुंगात पाठवण्याचा आदेश मात्र दिला नाही.

## संशयाची सामाजिक पार्श्वभूमी

नाशिक खटल्यातील आरोपी भटक्या जमातीतील असणे ही बाब अभ्यासकांना महत्त्वाची वाटते. ब्रिटिश सरकारने १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवले. या जमातींतील लोकांना नोंदणी व हजेरी सक्तीची होती आणि काहींना कुंपण घातलेल्या वसाहतींत ठेवले जाई. सोलापूर येथे अशी मोठी वसाहत होती. शहरातील 'सेटलमेंट' हे नाव त्या काळापासून चालत आले आहे. हा कायदा देशपातळीवर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. या जमाती 'विमुक्त' म्हणून ओळखल्या जाऊ लागल्या आणि ३१ ऑगस्ट हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळला जातो.

कायदा गेला तरी संशयाची सवय राहिली, ही भटक्या-विमुक्तांच्या चळवळीची जुनी तक्रार आहे. मुंबईस्थित पत्रकार सुकन्या शांता यांनी तुरुंगातील जातीय भेदभावावर २०२० मध्ये वृत्तमालिका लिहिली व पुढे सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी जातीवर आधारित कामवाटपाचे व विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे तुरुंग नियम घटनाबाह्य ठरवले. विमुक्त जमातींतील व्यक्तींना मनमानी अटक होऊ नये, याकडेही पोलिसांचे लक्ष वेधले. पत्रकारितेचा शोध न्यायालयीन निर्णयापर्यंत पोहोचल्याचे हे महाराष्ट्रातील अलीकडचे उदाहरण आहे.

## कार्यपद्धती

फेरशोधाचा आरंभ निकालपत्रापासून होतो आणि तेथून मागे जात मूळ कागदपत्रांपर्यंत पोहोचावे लागते. सांगोल्यासारख्या तालुक्याच्या ठिकाणी घडलेल्या गंभीर गुन्ह्याचा कागदोपत्री प्रवास समजला, की कोणता कागद कोठे मिळेल हे कळते. गुन्ह्याची प्रथम खबर पोलीस ठाण्यात नोंदली जाते. तपासानंतर दोषारोपपत्र प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर दाखल होते. खुनासारखा खटला तेथून सत्र न्यायालयाकडे वर्ग होतो. सोलापूर जिल्ह्यातील अपिले पूर्वी मुंबईत चालत. १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच कोल्हापूर येथे सुरू झाले असून सोलापूर जिल्हा त्याच्या कार्यक्षेत्रात आहे.

तपासणीचे टप्पे साधारणपणे असे असतात :

* कागदपत्रे मिळवणे. निकालपत्रे न्यायालयांच्या संकेतस्थळांवर मिळतात. साक्षी, पंचनामे व निशाणी लावलेली कागदपत्रे यांसाठी न्यायालयाकडे प्रमाणित प्रतींचा अर्ज करावा लागतो. आरोपी, त्याचे कुटुंब किंवा वकील यांच्याकडेही दोषारोपपत्राची प्रत असते.
* कालपट मांडणे. घटना, फिर्याद, जबाब, अटक, जप्ती व ओळख परेड यांच्या तारखा व वेळा एकाच तक्त्यात मांडतात. अटकेपूर्वीच आरोपीचे छायाचित्र साक्षीदाराने पाहिले होते का, हे अशा तक्त्यात दिसते.
* जबाबांची तुलना. एकाच साक्षीदाराचा पोलिसांपुढील जबाब, दंडाधिकाऱ्यांपुढील जबाब व न्यायालयातील साक्ष शेजारी ठेवून वाचतात. आधी नसलेला तपशील नंतर कधी आला, आधी असलेला कोठे गळाला, हे टिपतात.
* पंच व जप्ती तपासणे. आरोपीने दाखवल्यामुळे मिळालेली वस्तू हा भारतीय खटल्यांत वारंवार येणारा पुरावा आहे. पंच स्वतंत्र होते का, तेच पंच इतर खटल्यांतही होते का, मुद्देमाल कधी मोहोरबंद झाला व प्रयोगशाळेत कधी पोहोचला, हे पाहतात.
* स्थळपाहणी. रात्रीच्या घटनेत उजेड किती होता, साक्षीदार किती अंतरावर होता, रस्ता कोणता होता, हे प्रत्यक्ष जागेवर तपासतात.
* न वापरलेला पुरावा शोधणे. ज्यांचे जबाब घेतले पण ज्यांना साक्षीला बोलावले नाही, अशा व्यक्तींची यादी करतात. नाशिक खटल्यातील निर्णायक बाब याच प्रकारची होती.
* विरुद्ध बाजू तपासणे. दोषसिद्धी योग्य असल्यास कोणता पुरावा तसे दाखवतो, हे लिहून ठेवणे बंधनकारक मानले जाते. अनेक फेरशोधांचा शेवट मूळ निकाल योग्य होता या निष्कर्षाने होतो आणि तोही अभ्यासाचा ग्राह्य निष्कर्ष असतो.

साक्षीदाराला भेटताना आपली ओळख व हेतू स्पष्ट सांगणे, पैसे किंवा आमिष न देणे, अपेक्षित उत्तर सुचवणारे प्रश्न न विचारणे आणि संभाषणाची नोंद ठेवणे हे नियम पोर्टर प्रकरणानंतर अधिक काटेकोरपणे शिकवले जातात.

## कायदेशीर मर्यादा

न्यायालय अवमान अधिनियम, १९७१ नुसार प्रलंबित खटल्यावर परिणाम होईल असे लेखन अवमान ठरू शकते. निकाली निघालेल्या खटल्याच्या निर्णयावर न्याय्य टीका करण्यास मात्र मुभा आहे. लैंगिक अत्याचारातील पीडितेची व विधिसंघर्षग्रस्त बालकाची ओळख उघड करण्यास मनाई आहे. खटला जुना झाला तरी ही बंधने संपत नाहीत.

१९८१ मध्ये पत्रकार प्रभा दत्त यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने फाशीच्या कैद्यांची मुलाखत घेण्यास परवानगी दिली. मात्र कैद्याची संमती व तुरुंगाचे नियम यांना अधीन राहूनच ही मुभा मिळते. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार चालू तपासाला बाधा आणणारी माहिती नाकारता येते. पत्रकाराला आपला स्रोत गुप्त ठेवण्याचा सर्वंकष कायदेशीर हक्क भारतात नाही, ही बाब विद्यार्थ्यांच्या कामासाठीही महत्त्वाची आहे.

## भरपाई

चुकीच्या शिक्षेबद्दल भरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा भारतात नाही. निर्दोष सुटल्यानंतरही चौदा वर्षे तुरुंगात ठेवलेल्या बिहारमधील एका कैद्याला सर्वोच्च न्यायालयाने १९८३ मध्ये घटनात्मक उपाय म्हणून भरपाई दिली. त्यानंतर अशी भरपाई प्रत्येक प्रकरणात न्यायालयाच्या विवेकावर अवलंबून राहिली. विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये सादर केलेल्या २७७व्या अहवालात भरपाईची वैधानिक तरतूद करण्याची शिफारस केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत या शिफारशीनुसार तरतूद झालेली नाही.

## भारतातील शिक्षण

दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठात २०१४ मध्ये सुरू झालेल्या आणि पुढे 'प्रोजेक्ट ३९ए' या नावाने ओळखल्या गेलेल्या उपक्रमाने देशभरातील फाशीच्या कैद्यांच्या व त्यांच्या कुटुंबीयांच्या मुलाखतींवर आधारित अहवाल २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. या मुलाखतींत विधी शाखेच्या विद्यार्थ्यांचा मोठा सहभाग होता. अनेक विधी महाविद्यालयांत कायदेविषयक मदत केंद्रेही चालतात.

महाराष्ट्रात पत्रकारितेचे पदव्युत्तर शिक्षण पुणे, मुंबई, कोल्हापूर, सोलापूर व इतर ठिकाणच्या विद्यापीठांत दिले जाते. सोलापूर जिल्ह्यातील विद्यार्थ्यांसाठी पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठात हे शिक्षण उपलब्ध आहे. या विषयाच्या दृष्टीने तालुका व जिल्हा पातळीवरील पत्रकारितेचे स्थान विशेष आहे. जबाब व साक्षी मराठीत नोंदल्या जातात, तर उच्च न्यायालयातील कामकाज इंग्रजीत चालते. भाषांतरात बोलीतील शब्दाचा अर्थ बदलला का, हे तपासण्यासाठी त्या भागाची बोली व भूगोल जाणणारा वाचक लागतो. घटनास्थळ, साक्षीदार व पहिल्या दिवसाच्या नोंदीही तालुक्यातच असतात.

## हेही पाहा

* शोध पत्रकारिता
* मृत्युदंड
* विमुक्त जमाती
* माहितीचा अधिकार
* ड्रेफस प्रकरण